एक लेकरू झालंय ना, मग पिशवी कशाला?

"एक लेकरू झालंय ना, मग पिशवी कशाला ठेवता?"

डॉक्टर हे मला नाही, माझ्या मायला म्हणाले. पोट माझं, रक्त माझं, मी समोर स्टुलावर बसलेली, आणि बोलणं चाललं होतं माझ्या डोक्यावरून. "गाठ आहे पिशवीला. त्यानंच एवढं अंगावर जातंय. काढून टाकलेली बरी, उद्या कॅन्सर झाला तर मला म्हणू नका. परवा सकाळी उपाशीपोटी घेऊन या."

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडं कुणी गर्भाशय म्हणत नाही.

माय लगेच म्हणली, "व्हय साहेब, येतो परवा." जसं काही दळण टाकून परत न्यायला यायचंय.

आधी मी कोण ते सांगते. त्या दिवशी माझा डावा डोळा काळानिळा होता आणि ओठ फुटलेला. केसपेपर करणाऱ्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नवऱ्यानं मारलं का गं?" मी म्हणलं, "नवऱ्याची काय बिशाद हाय! मणिपूरच्या पोरीनं मारलंय. तिचं तोंड बघायला पाहिजे होतं तुमी."

मी एमएमए लढते. एमएमए म्हणजे कुस्ती, बॉक्सिंग, लाथा, गळा आवळणं, सगळं एकाच जाळीच्या पिंजऱ्यात. आमच्या गावात त्याला 'ती मारामारी' म्हणतात. म्हणू द्या. हा माझा धंदा हाय, त्याच्यावर माझं घर चालतं.

माझे मायबाप ऊसतोडीचे. गाव धारूरच्या डोंगराच्या अंगाला. दिवाळी झाली की ते कारखान्याला जायचे आणि मी शाळेच्या वसतिगृहात. तिथल्या खेळाच्या सरांनी कुस्ती शिकवली. पुढं लग्न लवकर झालं, परळीला आले. आमचे मालक तिथल्या वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या टिप्परवर ड्रायव्हर आहेत. लेक झाली, अंग सुटलं, म्हणून घराजवळच्या एका हॉलवर जायला लागले. तिथं पोरं ह्याच मारामारीचा सराव करायची. एका पोराला मी दोनदा उचलून आपटलं, तेव्हा तिथले कोच म्हणाले, "ताई, तुमी उगं अंग कमी करायला येऊ नका, लढायला या." तेव्हापासून लढतेय.

आता आजाराचं. माझी पाळी संपता संपत नव्हती. रक्ताच्या गाठी पडायच्या. जिना चढले की छातीत धडधड, उभी राहिले की डोळ्यापुढं अंधारी. कुणीही शहाणी बाई तेव्हाच डॉक्टरकडं गेली असती. पण आमच्या धंद्यात एक खुळ आहे. फाईटच्या आधी वजन उतरवावं लागतं. त्यासाठी आम्ही जेवण तोडतो, शेवटी शेवटी पाणीही तोडतो, अंगात प्लास्टिकचं जाकीट घालून परळीच्या उन्हात पळतो. त्यात चक्कर आली तर आमच्यात कुणी "काय झालं" विचारत नाही. "मस्त, वजन बरोबर उतरायलंय" म्हणतात. माझी चक्कर रक्त गेल्यामुळं होती, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मी पण खूश होते.

पुण्याला शेवटच्या सरावाला गेले आणि तिथं मॅटवरच पडले. शुद्धीवर आले तेव्हा ती मणिपूरची पोरगी माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होती, तिला वाटलं तिनंच मारलं मला. फाईट रद्द झाली. माझ्या हक्काची, पट्ट्याची म्हणजे किताबाची फाईट होती ती. मी गावाकडं परत आले आणि माय मला त्या दवाखान्यात घेऊन गेली, जिथं आमच्या वस्तीवरच्या सगळ्या बाया जातात.

आणि सगळ्या बाया पिशवी काढून येतात. हे बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल. माझ्या मायची काढलेली, दोन्ही चुलतींची काढलेली, थोरल्या मावशीची काढलेली. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे जोडीनं एकच मजुरी. बाई एक दिवस बसली तर दोघांचा खाडा होतो. पाळीच्या दिवसात तिथं धुवायला पाणी नाही, आडोसा नाही, कंबर मोडली तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढावंच लागतं. मग दवाखान्यात कुणी म्हणलं की काढून टाका, कटकट मिटेल, तर बाई हो म्हणते. मी मायला नावं ठेवत नाही. तिच्या जागी असते तर मी पण हो म्हणले असते.

पण मी तिच्या जागी नव्हते.

तरी ठरल्या दिवशी मी गेले. उपाशीपोटी गेले, खरं सांगते. इतकं रक्त गेलं होतं की भांडायची ताकद नव्हती, आणि 'कॅन्सर' शब्द कानातून निघत नव्हता. हाताला सलाईन लागली, सिस्टर हिरवा झगा घेऊन आली. तेवढ्यात डॉक्टर आले, म्हणून मी विचारलं, "साहेब, ह्याच्यानंतर मी परत कधी लढू शकेन?"

ते हसले. "लढायचं कशाला आता? आराम करा. स्वयंपाकपाणी सगळं जमेल तुम्हाला. आणि ओव्हरीज पण काढून टाकू, म्हणजे परत झंझट नको." ओव्हरीज म्हणजे अंडाशयं, पिशवीच्या दोन बाजूंना असतात ती. एका वाक्यात पिशवी गेली, दुसऱ्या वाक्यात अंडाशयं. तिसरं वाक्य बोलायच्या आत मी उठून बसले.

मी म्हणलं, "साहेब, आमच्या फाईटला तीन जज असतात. एकट्याच्या गुणांच्या कार्डावर कुणाला हरवत न्हाईत. मला अजून दोघांना विचारायचंय."

"ही काय कुस्ती आहे का?"

"माझ्यासाठी हायच."

ते चिडले. बाहेर गेलात तर माझी जबाबदारी नाही, म्हणाले. मी सिस्टरला म्हणलं, "ही सुई काढा, न्हाईतर मी काढते." तिनं काढली. वर कापूस दाबून धरताना ती अगदी हळू म्हणली, "जा ताई." तिचे मी आजही उपकार मानते.

तिथून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जायचं म्हणून एसटी स्टँडवर आलो, तर माय नुसती धुमसत होती. तिला चारचौघांत मान खाली घालायला लावली होती मी. शेवटी फुटलीच. "लई शानी झालीस. माज्या जावांच्या काढल्या, माजी काढली. कुनी मेलं का?"

"मेलं न्हाई माय. पर भिंत धरल्याबिगर उठतंय का त्यातलं कुनी?"

माझी माय पन्नाशीच्या आत आहे. तिला बसल्या जागेवरून उठताना बघवत नाही. बोलून गेले आणि मग वाटलं, जीभ झडली असती तर बरं. तिनं तोंड फिरवलं. अंबाजोगाईची गाडी लागली आणि तरीही ती माझ्या आधी चढून माझ्यासाठी जागा धरून बसली.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गर्दी विचारू नका. केसपेपरची रांग वेगळी, रक्ताची वेगळी, सोनोग्राफीची वेगळी. मला उभं राहवेना, तर माय माझ्या जागी रांगेत उभी राहायची आणि मी जमिनीवर बसायची. एका माणसानं मध्ये घुसायचा प्रयत्न केला, त्याला तिनं असं झापलं की मला वाटलं पिंजऱ्यात मी नाही, ही पाहिजे.

डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी पहिलं काम काय केलं तर माझ्याकडं बघून बोलल्या. हिमोग्लोबिन सहा निघालं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग, अंगभर प्राणवायू पोचवतो तो. बाईला बारा तरी पाहिजे. "सहावर तुम्ही फाईटची तयारी करत होता?" मॅडमनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही वेड्या आहात." मी म्हणलं, "ते सगळेच म्हणतात मॅडम."

माझ्या गाठीचं नाव सबम्यूकस फायब्रॉइड. म्हणजे पिशवीच्या आतल्या बाजूला वाढलेली मांसाची गाठ. माझी सुपारीएवढी होती. अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, पण आतल्या अस्तराला लागून असल्यामुळं रक्त फार जातं. मॅडम म्हणाल्या, "गाठ काढू. पिशवीला काही झालेलं नाही, ती कशाला काढायची? आणि तुमच्या वयात ओव्हरीज काढल्या तर हाडं लवकर ठिसूळ होतात. तुम्ही तर हाडांवरच जगता."

मागं उभ्या असलेल्या मायनं हे ऐकलं.

आधी रक्त चढवलं, लोहाची सलाईन दिली. मग हिस्टेरोस्कोपी झाली, म्हणजे खालच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. पोटावर एक टाका नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या पायानं चालत दवाखान्याबाहेर पडले. काढलेला तुकडा बायोप्सीला गेला. बायोप्सी म्हणजे कॅन्सर आहे का नाही ते बघायची तपासणी, आणि तिचा रिपोर्ट यायला वेळ लागतो.

बायांनो, तो वेळ फार वाईट. मी घाबरले, चांगली घाबरले. पिंजऱ्यातही भीती वाटते, पण तिथं समोर कोण आहे ते दिसतं. इथं मी भांडी घासताना रडायची, लेकीची वेणी घालताना रडायची. पहिल्या डॉक्टरचं ऐकायला पाहिजे होतं का, हे रोज मनात यायचं. मालक टिप्परवरून आले की अंगावरची राख न झटकताच विचारायचे, "आला का फोन?" आणि नाही म्हणलं की गुमान चहा ठेवायचे. दुसरं काही त्यांना सुचायचं नाही आणि मलाही दुसरं काही नको होतं.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. मॅडम सांगत होत्या आणि मी त्यांचे दोन्ही हात धरून बसले होते, सोडेचना. तेव्हा माय पुढं झाली.

"म्याडम, एक इचारू का? माजी काढली तवा मी सव्वीस वर्साची होते. माजी बी अशीच वाचली असती का?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तेव्हा काय आजार होता तुम्हाला? काही तपासणी केली होती?"

"कसली तपासनी. पोट दुखतंय म्हनलं मी. पांढरं जातंय म्हनलं. त्यानी काढली."

"मग मला आज सांगता येणार नाही, मावशी."

माय "बरं" म्हणली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. मी शेजारी बसले. पदर तोंडात घालून ती इतकी रडली की जाणारी-येणारी माणसं थांबायला लागली. "सव्वीसाव्या वर्सी म्हातारी केली की गं मला. मुडदा बशिवला त्यांचा!" मी तिला जवळ ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा राग समजला, आणि तो माझ्या रागापेक्षा कितीतरी मोठा होता.

मी परत सरावाला लागले तेव्हा लोकांना फार बोलायचं होतं. पोटाला लाथ लागली तर? आता तरी घर सांभाळ. कोच म्हणाले, वजन परत उतरवायला घेऊ. मी सगळ्यांना एकच सांगितलं, की मॅडमनी परवानगी दिली आहे, तुमची मी मागितलेली नाही. आणि वजन मी परत उतरवणार नाही. आता एक वजनगट वर लढते, माझ्यापेक्षा थोराड पोरींशी. भाकरी पोटभर खाते, पाणी पिते. कोच दोन दिवस फुगून बसले, मग आले वळणावर.

ज्या बाईला हे वाचताना आपलं काही आठवलं, तिला हात जोडून सांगते. रक्त जास्त जातंय तर अंगावर काढू नका. कुणी पिशवी काढा म्हणलं तर घाबरून लगेच हो म्हणू नका. कधी कधी खरंच काढावी लागते, नाही असं नाही. पण कशामुळं, हे विचारा. दुसरा इलाज हाय का, विचारा. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. विचारलं म्हणून डॉक्टर चिडला, तर चिडू द्या. अंग तुमचं हाय.

परतीची पहिली फाईट मी हरले. विचारणारे लई असतात म्हणून सांगून टाकते. पण तिन्ही राउंड पायावर उभी राहून हरले, आणि रक्त आलं ते फक्त नाकातून.

त्याच दिवशी दुपारी, हाताला पट्ट्या बांधायच्या आधी, मी मायला फोन लावला होता. फाईटला येते म्हणली होती आणि ऐन वेळी आली नव्हती. मी रुसलेच होते. मागं नुसता गलका ऐकू येत होता.

"माय, कुठं हायस तू?"

"आंबाजोगाईला. तुज्या चुलत्याची सून न्हाई का राधा, कारखान्याला जायच्या आत काढून घ्यायला निगालती दवाखान्यात. वाटंतून वडून आनली. तिच्यासंगं अजून दोगी हायत."

"आगं पर आज माझी फाईट हाय. दोन शब्द तरी बोल."

"तू लढ तितं," माय म्हणली. "ठिव फोन. आमचा नंबर आलाय."