चौकटीत कुणी थांबायचं नाही

नाना गेल्याचं मला चौकातच कळलं. त्यांची तब्येत जास्त बिघडल्याचा निरोप आला म्हणून निघाले, तर रिक्षा कापसाच्या बैलगाड्या आणि शिरपूरची एस.टी. यांच्यामध्ये अडकली. शाळेचा शिपाई गर्दीतून वाट काढत आला. "बाई, नाना गेले." गुडघे धड असते तर चालत गेले असते. कोंडी फुटायला दुपार झाली, मी पोहोचले तेव्हा त्यांना नेलं होतं... शेवटचं बघणंही राहिलं. आणि तेही याच चौकामुळे! याचा राग अजून गेलेला नाही.

धुळ्याच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवते, नाना पी.टी. शिकवायचे. चौक शाळेच्या फाटकासमोरच. हंगामात जिनिंग मिलकडे निघालेल्या बैलगाड्या, ट्रक, बस सगळे एकदम मध्यात घुसत आणि मग कुणालाच मागे सरता येत नसे. काही वर्षांपूर्वी त्यातून वाट काढताना पाचवीतल्या एका मुलीचा पाय चाकाखाली आला. नानांनी तिला उचलून रिक्षात घातलं, पण रिक्षा कोंडीतून निघेना. मुलगी वाचली, पण अजून लंगडते.

दुसऱ्या दिवशी नाना कबड्डीचं मैदान आखायचा फक्कीचा डबा घेऊन थेट चौकात गेले. मधोमध ऐसपैस चौकट आखली. नियम एकच : पलीकडे जागा दिसली तरच आत शिरायचं, आत थांबला तो आउट! मला वाटलं, लोक हसतील. पण आमच्याकडे कबड्डी न खेळलेला गाडीवान शोधून सापडायचा नाही. सगळ्यांना रेषा कळली. हुज्जतही खेळातलीच.

"गुरुजी, लाइनवर बैलना पाय शे, मना नही!"

"बैल तुनाच शे ना? ले मांगे!" नाना शिट्टी फुंकून गाडी मागे घ्यायला लावत.

कोंडी सुटली. मग पालिकेच्या कचेरीला जाग आली. विनापरवाना रस्त्यावर खुणा केल्याबद्दल खुलासा करा, अशी नोटीस आली. मुख्याध्यापक घाबरले, म्हणाले, माफी मागून टाका. नानांनी एका ओळीत लिहिलं, 'चौकात येऊन बघावे.' कुणी आलं नाही, पाण्याचा टँकर मात्र आला आणि चौकट धुऊन गेला. सकाळी नानांनी पुन्हा आखली. निवृत्तीनंतरही, अंथरूण धरेपर्यंत, रोज.

शोकसभेत त्याच कचेरीतले साहेब भरभरून बोलले. चौकाला नानांचं नाव देऊ म्हणाले. मला राहवलं नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "नाव नको साहेब, चौकट आखा."

"सिग्नल येणार आहे, बाई."

"येईल तेव्हा येईल. उद्या मुलं रस्ता कशी ओलांडणार?"

साहेब खाली बसले.

वहिनींनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, डबा माझ्या हाती दिला. पत्र्याचा, एका बाजूने चेपलेला, नानांच्या बोटांनी कडी गुळगुळीत झालेली. सकाळी गुडघ्यांना शिव्या देत मी वाकले आणि चौकट आखली. पहिलाच गाडीवान म्हणाला, "बाई, लाइन वाकडी शे." पण बैल त्याने रेषेच्या अलीकडेच थांबवले. मला तिथेच रडू फुटलं.

तीन आठवडे झाले, डबा रोज चौकात जातो. नोटीस अजून आलेली नाही. आली, तर खुलासा तोच : चौकात येऊन बघावे.