आईंच्या हातांचा अल्बम

उशी अर्धी अभ्र्यात गेली होती आणि अर्धी बाहेर, तेवढ्यात माझी धाकटी जाऊ मोबाईल घेऊन दारात येऊन उभी राहिली. पुढच्या आठवड्यात सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. दवाखान्यातल्या उशीवर त्यांना झोप येत नाही, म्हणून मी घरची उशी तयार करत होते. धाकटीचा चेहरा पाहिला आणि उशी तशीच ठेवली.

"ताई, आईंचे व्हिडिओ गेले," ती म्हणाली.

हे व्हिडिओ कसले, ते आधी सांगायला हवं. सासूबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही, त्यामुळे शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा त्यांना येत नाही. त्यांच्या खुणा त्यांनी स्वतः घडवलेल्या, घराबाहेर कुणालाच न कळणाऱ्या. सासरे म्हणजे मिशीला पीळ. त्यांनी मिशी कधीच काढून टाकली, खूण मात्र तीच राहिली. मी म्हणजे जोडलेले हात आणि पाठोपाठ एक जांभई. प्रार्थनेला बसले की मी डुलक्या घेते असं त्यांचं म्हणणं आहे. देवाला ते ठाऊकच आहे, तेव्हा मी नाकारून काय उपयोग.

धाकटी म्हणजे काचेवर बोटाची टकटक. ती बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसते. बसमध्ये राहिलेल्या छत्र्या, डबे, पिशव्या तिच्याकडे जमा होतात. घरीही ती सतत काही ना काही विचारत असते, म्हणून भाऊजी तिला "चौकशी" म्हणतात. ती म्हणते, निदान माझ्याकडे उत्तर मिळतं.

गेल्या वर्षी सासूबाईंना तापासाठी दवाखान्यात ठेवलं होतं. "पुरे" म्हणायचं असलं की त्या गळ्यावरून बोटं खाली ओढतात. नर्सला वाटलं, तहान लागली. जितक्या वेळा त्या पुरे म्हणाल्या तितक्या वेळा पाण्याचा पेला पुढे आला. धाकटी कामावरून थेट तिकडे गेली तेव्हा आई पाणी पिऊन टम्म झाल्या होत्या आणि रडकुंडीला आल्या होत्या. घरी ही गोष्ट ऐकून आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने आईंसमोर मोबाईल धरला.

एकेका खुणेचा एकेक छोटा व्हिडिओ, आणि त्याखाली अर्थ लिहिलेला. "गळ्यावरून बोटं: पुरे. पाणी देऊ नका." चेहरा दाखवायला आईंनी साफ नकार दिला. पण हात दिसणार, म्हणून नखं कापून, हातांना तेल चोळून बसायच्या. धाकटीने ते सगळे क्लाउडमध्ये ठेवले, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी वॉर्डातल्या नर्सना नुसती लिंक पाठवली की त्या आपापल्या मोबाईलवर बघतील. "वर ठेवलेत, ताई, आता काळजी नाही," असं तिने मला सांगितलं होतं. वर म्हटलं की मला एकच जागा ठाऊक, त्यामुळे मी पूर्ण निश्चिंत होते.

आणि आता ते वरूनच गेले होते.

चौकशीला वेळ लागला नाही. धाकटीचा मोबाईल रोज "जागा संपली" म्हणून कुरकुर करायचा. भाऊजींनी मध्यंतरी तिच्यावर उपकार करायचे ठरवले. सगळं वर ठेवलेलंच आहे, मग खाली कशाला गर्दी, असा त्यांचा हिशोब. एवढ्याशा चौकटी, आवाज नाही, हललेलं चित्र, चुकून बटण दाबलं गेलं असेल असं समजून त्यांनी दोन दिवस रांगच्या रांग पुसली. उघडून एकही पाहिली नाही. वरचं आणि खालचं एकमेकांना बांधलेलं असतं, खाली पुसलं की वरूनही जातं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तिच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. स्वतःच्या आईचे हात ओळखू आले नाहीत का, हे तर माझ्या ओठांवर आलंच होतं. धाकटीने मात्र त्यांना समोरच्या खुर्चीत बसवलं आणि खिडकीत बसून लोकांना विचारते त्याच आवाजात विचारलं, "शेवटचं कुठे पाहिलंत?"

तिच्या खिडकीशी लोक भांडायलाच येतात, जणू छत्री तिनेच पळवली. या एका प्रश्नाने ते थंड होतात आणि आठवायला लागतात. भाऊजीही आठवू लागले. पुसलेलं सगळं आधी मोबाईलमधल्याच कचरापेटीत पडतं आणि काही काळ तिथे राहतं. वस्तू किती दिवस ठेवतात आणि मग टाकून देतात, हे तिचं रोजचं काम, तिने तीच पेटी आधी उघडायला लावली. पहिल्या दिवशी भाऊजींनी उत्साहाने पेटीही रिकामी केली होती. दुसऱ्या दिवशी कंटाळा केला. त्या कंटाळ्याने आम्हाला तारलं. दुसऱ्या दिवशीचे सगळे व्हिडिओ परत आले.

पहिल्या दिवशीचे गेले ते गेले. ते पुन्हा काढायला सासूबाई आनंदाने बसल्या. पुन्हा नखं, पुन्हा तेल. फक्त एका खुणेला त्या तयार होईनात. डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताने घट्ट धरायचं, म्हणजे "भीती वाटते". ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर, धाकटी दुसरीच खूण टिपत असताना त्यांच्याकडून ती नकळत होऊन गेली होती. आता विचारलं की हात झटकायच्या. मला कसली भीती.

मी धाकटीला म्हटलं, जाऊ दे, एवढ्या खुणा मिळाल्या, एक नाही मिळाली.

"बाकीच्या गेल्या असत्या तरी चाललं असतं, ताई," ती म्हणाली. "शुद्धीवर येतील तेव्हा आपल्यातलं कुणी जवळ नसेल. मनगट धरलेलं पाहून नर्स नाडी मोजेल आणि निघून जाईल."



दुपारी तिने मोबाईल माझ्या हातात दिला, बटण कुठलं ते दाखवलं आणि आईंच्या पलंगावर जाऊन बसली. काही मागितलं नाही. स्वतःचं मनगट धरलं, आईंकडे बोट केलं, ऑपरेशनची खूण केली आणि पुन्हा मनगट धरलं. तुमच्या ऑपरेशनची मला भीती वाटते. हे ती खोटं बोलत नव्हती.

सासूबाईंनी ते पाहिलं. मग त्यांनी नापसंतीने मान हलवली, तिची बोटं सोडवली आणि स्वतःचं मनगट धरून दाखवलं. असं नव्हे, जरा वर. अंगठा शिरेवर, आणि धरताना एकदा दाबायचं. मुलाचं अक्षर सुधारावं तसं त्यांनी तिच्याकडून ते दोनदा करून घेतलं. आणि मग आपलं मनगट सोडून तिचंच धरलं. भाऊजी दारात उभे होते, ते तोंड फिरवून आत गेले. मोबाईलमध्ये खूण स्पष्ट आली आहे.

आमच्या धाकटीचं नाव कुठे छापून येणार नाही. ती प्रार्थनेलाही फारशी बसत नाही, त्यावरून मी तिला पूर्वी टोकलंही आहे. पण दुसऱ्याचं न ऐकू येणारं इतक्या मन लावून ऐकणं, ही मला तरी देवाचीच सेवा वाटते.

भाऊजींनी सगळे व्हिडिओ आपल्या कॉम्प्युटरवरही उतरवले आणि आता काहीही पुसण्याआधी बायकोला विचारतात. ती म्हणते, चौकशी करणं बरं असतं हे कुणाला तरी पटलं. संध्याकाळी तिने वॉर्डाच्या सिस्टरला लिंक पाठवली आणि खाली लिहिलं: आईंचा चष्मा काढून ठेवू नका, खुणा करताना तुमचे हात त्यांना दिसले पाहिजेत.

मी उशी अभ्र्यात घातली. चष्म्याची दांडी सैल झाली आहे. उद्या कामावर जाण्याआधी धाकटी ती चष्म्याच्या दुकानात नेऊन घट्ट करून आणणार आहे.