तळाशी नोंदलेलं गाव

"या वसाहतीत कुणीच राहत नाही," सांगलीच्या पाणीपुरवठा कार्यालयातले साहेब म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कुटुंबे, शून्य. लोकसंख्या, शून्य. म्हणून नळयोजनेतून वसाहतीचं नाव उडालं होतं.

मी त्याच सकाळी तिथं हिराबाईकडे, म्हणजे आमच्या हिराक्काकडे, चहा पिऊन आले होते. कुंडलच्या पुढे, उसाच्या मधोमध ती वसाहत आहे. कोयनेच्या धरणात गाव गेलेली माणसं तिथं दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. पाणी शेजारच्या मळ्यातल्या विहिरीचं. मळेवाल्याची मोटर चालू असेल तेव्हा मिळतं, आणि सोबत त्याची बोलणी मोफत.

मी धरणग्रस्तांच्या संघटनेत काम करते. आधी नुसती पत्रकं लिहायचे. आता कॉम्प्युटरही बघते, कारण हल्ली माणसाला आधी डेटाबेसमधून बेदखल करतात, मग गावातून.

सर्व्हे तर झाला होता. एजन्सीची माणसं टॅब घेऊन दारोदार फिरलेली मी पाहिली होती. मग उत्तरं गेली कुठं? मी ऑपरेटर मुल्लाणीभाऊंना म्हटलं, गावानं नको, माणसाच्या नावानं शोधा. 'हिराबाई' टाका.

हे जरा सोपं करून सांगते. 'हिराबाई' हा डेटा. 'आंबमेट', एका गावाचं नाव, हाही डेटा. नुसते सुटे तुकडे. हिराबाई कुठं राहते याचं उत्तर त्यातून निघालं की ती माहिती. आणि डेटाबेस म्हणजे हे तुकडे ठरलेल्या रकान्यांत, एकमेकांना जोडून ठेवायची जागा, म्हणजे हवा तो तुकडा चटकन सापडतो. पण रकाना चुकला की माणूस वाहून जातो.

हिराबाई सापडली. गाव आंबमेट, जिल्हा सातारा. तिच्या खाली अख्खी वसाहत, ओळीनं. मुल्लाणीभाऊंनी नकाशा उघडला. टिंब जलाशयावर पडलं होतं, गडद निळ्याच्या मधोमध.

त्या निळ्याकडे मी बघत राहिले. राग यायला हवा होता, पण आधी वेगळंच दिसायला लागलं. तळाशी हिराक्का अंगण झाडतेय. झाडूबरोबर गाळ उठतो आणि सावकाश खाली बसतो. उंबऱ्यातून मासे आत जातात, कुणी त्यांना हटकत नाही. वरून लाँच गेली की अंगणावर तेवढी सावली सरकते. सरकारी नोंदीप्रमाणे तिथं सगळं नीट चाललं होतं. पाण्याची तर अजिबात टंचाई नव्हती.

तशीच परत वसाहतीत गेले. हिराक्का दारात रिकामी घागर घेऊन मोटर सुरू व्हायची वाट बघत होती. सर्व्हेवाल्याला काय सांगितलं, म्हणून विचारलं.

"गाव कंचं म्हनला. आंबमेट म्हनलं. खोटं कशापायी सांगू?"

"आवं आक्का, आंबमेट पाण्यात हाय."

"गाव पान्यात हाय. देव वर हाय."

मग तिनं सांगितलं. गाव उठायच्या आधी गुरवानं देवाला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवा, येतोस का आमच्यासंगं? डावी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. माणसं ट्रकात बसली, देव डोंगराच्या सोंडेवर राहिला. अजून जत्रेला सगळे लाँचनं त्याच्याकडे जातात. आणि देव हलला नाही तोवर गाव हललं नाही, ही इथली रीत. म्हणून घरटी एकच उत्तर.

मी म्हटलं, पुढच्या वेळी वसाहतीचं नाव सांगा, नळ येईल.

"देव न्हाई म्हनला आन् म्या व्हय म्हनू?" ती घागर उचलत म्हणाली. "तसलं पानी नगं मला, पोरी."

मोटरचा आवाज आला तशी ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे मागितला तो एक रकाना. 'गाव' आहे, त्याच्या शेजारी 'सध्या राहण्याचं ठिकाण'. साहेब म्हणाले, फॉरमॅट वरून ठरतो. लोकांनाच नीट उत्तर द्यायला सांगा.

"साहेब, तुमचं गाव कोणतं?"

"आटपाडी," ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले.

"नळ तिकडंच बसवायचा का?"

मुल्लाणीभाऊ कीबोर्डकडे बघून हसले. साहेब हसले नाहीत. पण सांगलीतच राहणाऱ्या त्या माणसानं वर फोन लावला, आणि बऱ्याच हेलपाट्यांनी रकाना वाढला.

फेरसर्व्हेला मी बरोबर गेले. हिराक्कानं दोन्ही प्रश्न नीट ऐकले. गाव आंबमेट. राहायला इथं. मग टॅबवाल्याला म्हणाली, "आता देवाचं लिव्ह. त्येचं दोनी जागी एकच."

टॅबवाल्यानं माझ्याकडे बघितलं. देवाला आधार नंबर नव्हता, त्यामुळे ती नोंद सेव्ह झाली नाही.

नळ आला. एक दिवसाआड येतो, पण स्वतःच्या दारात येतो. मी शिकले ते इतकंच. वसाहतीतलं एकही उत्तर खोटं नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्यानं प्रश्न अर्धाच विचारला होता आणि तो स्वतःही आपल्या गावी राहत नसणार, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.