दोन्हीकडचा नकाशा

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या बसमध्ये त्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरून. गाडी थांबली की मूठ उघडून बघायच्या.

त्यात गावातल्या नव्या विहाराचा नकाशा होता. तो काढणारी त्यांची लेक अमरावतीत राजापेठेत नोकरीला होती. फाइल इतकी मोठी की मेलनं जाईना आणि लिंक पाठवली तर ती अकोल्याच्या इंजिनिअरकडे उघडेना. उद्या पायाची आखणी होती. लेकीला सुट्टी मिळेना, म्हणून आई निघाली होती.

मूर्तिजापूरला लेकीचा फोन आला. इंजिनिअरकडे लिंक उघडली होती.

"म्हंजे नकाशा पोचला?" त्यांनी मला विचारलं. "मंग माह्या हातात काय हाय?"

"तोच नकाशा."

"दोन्हीकडं? मंग मी काहून जाऊन राहिली?"

इथूनच परत फिरा, असं मी म्हणालो.

"नाही जी. पोरीनं लय मेहनत केली. त्या साहेबाच्या हातात देईन, तवाच मले पोचल्यासारखं वाटंल."

अकोल्याला उतरून त्या रिक्षा शोधायला गेल्या. मी कचेरीतून रोज फायली पाठवतो. पाठवलेली फाइल माझ्याकडेही कशी उरते, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलाय.