लाल पेनानं लिवलं होतं

"अरे, ते तुझ्या आईचं कर ना. मासेवालं."

राउंड चालू होता. बोलले ते मोठे डॉक्टर, आमचे सर. मागं दोन लहाने डॉक्टर, अन् भरला वार्ड. मी तिथला नर्स. नवे पेशंट मले सिस्टर म्हणत, मंग लाजून ब्रदर म्हणत.

नक्कल मले शाळेपासून येते. मोहाडीत हेडमास्तरसारखा खोकलत वर्गात गेलो का पोरं उभे राहत. तं केली. माही माय बाजारात टोपल्यामागं बसून बोंबलते तशी, हात नाचवून. घ्या ना वं बाई, सकाळीच तलावातून काढली. सारे हासले. मी बी हासलो. सरनं नाकाले रुमाल लावला. "बघा, वास पण आला."

त्याच हासण्यात सरनं नऊ नंबरच्या आजोबाले पेनिसिलीन सांगतलं. तोंडीच. आमच्याकडं असंच चाले. सर बोलणार, आपण टोचणार, सरची सही संध्याकाळी. पण लाखनीच्या त्या म्हाताऱ्याले पेनिसिलीन चालत नाही, हे केसपेपरवर लाल पेनानं लिवलं होतं. मीच लिवलं होतं. बोललो. हळूच.

"मासे विकणाऱ्यांचं पोरगं... मला डॉक्टरी शिकवणार?"

पुन्हा हासले. अन् मी टोचलं.

काहून? लाजेनं, बापा. तो रुमाल पुन्हा नाकाले लागलेला पाहाचा नव्हता, म्हणून.

पाच मिनिटात आजोबाचे ओठ निळे पडले. वाचले, पण चार दिवस आयसीयूत होते. इकडं ऑफिसात कागद टाईप होऊन तयार. सरले न विचारता मी इंजेक्शन दिलं, माफी असावी. सही कर, नोकरी राहीन.

नर्स लोकायच्या संघटनेची मी लय टवाळी करो. कॅलेंडर वाटते, केक कापते, बस. तिच्या अध्यक्ष ताई तुमसरच्या, उभा जन्म वार्डात काढलेल्या. त्यायले फोन लावला. रडत. त्या एसटीनं आल्या, कागद वाचला, उलटा ठेवला.

"सही नको करू. कोण काय बोललं ते लिव, जसंच्या तसं. तुही चूक बी लिव. मी तुले वाचवाले नाही आली. उद्या दुसरा म्हातारा मराले नाही पायजे, म्हणून आली."

हे मले रुमालापेक्षा जास्त झोंबलं.

लिवलं. चौकशीत मीच वाचलं. सरचं वाक्य आलं तं सरच्याच आवाजात, तसंच मधात थांबून. एवढी बरोबर नक्कल मले कधी जमली नव्हती. कोणी हासलं नाही.

आता घरी बसवलं आहे मले. चौकशी चालूच आहे. दर पेशीले, चौकशीच्या तारखेले, ताई बाजूच्या खुर्चीवर येऊन बसते. वार्डातल्या पोरी तोंडी सांगतलेलं घेत नाही. लिहून द्या सर, म्हणते.

त्या माफीच्या कागदावर मी सही करणार नाही. माही चूक माह्या नावावर, सरची सरच्या. आजोबाच्या पोरासमोर बी हेच सांगीन. अन् मायची नक्कल बंद. ज्याले ऐकाची असन, त्यानं मोहाडीच्या बाजारात जावं अन् तिच्या टोपल्यासमोर खाली बसावं.