तुतीला लागून मका

चौडम्माच्या घरात माणसांपेक्षा किड्यांनी जास्त जागा अडवली आहे. शिडलघट्ट्याकडे आम्हा सगळ्यांच्या घरी रेशीमकिडे असतात, पण पाय धुतल्याशिवाय सख्ख्या भावालाही उंबऱ्याबाहेर थांबवणारी ती एकटीच. विधवा बाई, बोलणं कमी.

किडे शेवटच्या अवस्थेत होते; कोष विणण्याआधीची ती आंधळी भूक. किड्यांना पाला पुरवणाऱ्या तिच्या तुतीला लागूनच धाकट्या दिराचा, मुनिराजूचा, गोड मका. तुऱ्यातुऱ्यावर मावा दाटला होता. त्याचा चिकटा कणसांवर ठिबकून काजळी धरली, की व्यापारी बांधावरूनच परत फिरतो.

"औषध मारू नकोस," तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "माझे किडे कोष विणेपर्यंत थांब."

"तुझे किडे जगावेत म्हणून मी माझे पोसू का, वहिनी?"

"तुरे काप नि गाईला घाल. कणसांचे केस सुकलेत, दाणे धरलेत, आता तुऱ्यांचं काम काय?"

"अख्खं शेत विळ्यानं भादरू?" तो हसला. "बरं, बघतो."

आमच्यात 'बघतो' म्हणजे होकार धरतात. तिनंही धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी, तिची शेजारीण, तिच्या ओट्यावर होते. ती पाल्याची दुसरी पाटी घेऊन आली, तसा मुनिराजू धावत आला.

"कुठला पाला?"

"बांधाकडचा. का?"

"सकाळी कडेच्या ओळींवर पंप मारला. वारा इकडं नव्हता गं, वहिनी."

तिनं पाटी तिथंच टाकली. "पहिली पाटी खालच्या ताटांना घातली मी."

आम्ही दोघी आत, किड्यांच्या ताटांच्या मांडणीपाशी गेलो. वरच्या ताटांतले किडे उपाशी, डोकी उचलून हलत होते. खालच्यांनीही डोकी उचलली होती. भुकेला किडा तेच करतो, विष चढलेलाही आधी तेच करतो. आम्ही बघत राहिलो. मग खालच्या एकानं तोंडातून हिरवं पाणी टाकलं. त्याच्या शेजारच्यानंही.

चौडम्मानं खालची ताटं एकेक करून बाहेर नेली. हात घासून धुतले. मग दिराकडं वळली.

"आंघोळ कर. मग दारोदार जा, पाला माग."

शेवटच्या अवस्थेतल्या किड्यांसाठी पाला मागितला तर गावात कुणी नाही म्हणत नाही. फक्त विचारतात.

"औषध कुणी मारलं म्हणून विचारतील, वहिनी."

"विचारतीलच. सांग."

ओल्या केसांनी तो आधी माझ्याच दारात आला. मी विचारलं नाही, तरी त्यानं सांगितलं. पुढच्या दारांत काय झालं ठाऊक नाही. परतला तेव्हा डोक्यावर मोठा भारा होता आणि नजर खाली.

पाला पडला तरी वरची ताटं गप्प होती. बराच वेळ. मग एका कोपऱ्यातून कुरतडण्याचा बारीक आवाज आला, आणि ताटभर पसरला.

चौडम्मा तिथंच भिंतीला टेकली.

"उद्या विळा आण," दाराबाहेरच्या दिराला ती म्हणाली. "दोघं मिळून तुरे कापू."