सात वाजताची हजेरी

जबलपूरच्या अधारताल भागात खिरवडकरांच्या घरात देव आणि रेडिओ एकाच खोलीत राहतात. पूर्वेच्या भिंतीला देवघर, खिडकीपाशी अण्णांचं टेबल. घर बांधलं तेव्हा अण्णांच्या पत्नीनं, विनतावहिनींनी, देवासाठी वेगळी खोली मागितली होती. ती खोली राहिली ती राहिलीच आणि गच्चीवर अँटेनाचा खांब उभा झाला. "देवाची अन् माझी एकमेकांबद्दल काही तक्रार नाही, तुला काहून होऊन राहिली?" असं अण्णा म्हणाले, आणि वहिनींना उत्तर सुचेपर्यंत वर तार ताणूनही झाली होती.

मग वहिनींनीच वाट काढली. अण्णांचा आवाज हवेत जात असला की सेटवर तांबडा दिवा लागतो. दिवा लागला की वहिनी घंटा हातात धरून थांबायच्या. दिवा विझला, पलीकडचा माणूस बोलू लागला, की आरतीचं पुढचं कडवं. इतक्या वर्षांत देवालाही त्याची सवय झाली असेल. खंडेनवमीला मात्र दोघांचा मान सारखा. घरातली विळी, अण्णांचं सोल्डरिंग आयर्न आणि तो सेट, सगळ्यांना हळद-कुंकू लागायचं. कुंकू बटणांत जातं म्हणून अण्णा आधी कापड घेऊन उभे राहायचे.

अण्णा गन कॅरेज फॅक्टरीत चार्जमन होते. फॅक्टरी म्हणजे नोकरी. जीव सगळा या छंदात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, स्वतःच्या सेटवरून आपल्यासारख्याच परवानेवाल्यांशी बोलायचं. अशांना हॅम म्हणतात. परवान्याचे नियम कडक. हवेत धंद्याचं बोलायचं नाही, धर्माचं नाही, राजकारणाचं तर मुळीच नाही.

"मग बोलता तरी काय?" लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात वहिनींनी विचारलं होतं.

"हवा कशी आहे ते. अन् तुमचा आवाज कसा येऊन राहिला ते."

दोन शिकलेले बापे अर्धा तास घालवून एकमेकांना एवढंच सांगतात की मला तुमचं ऐकू येतं, याचं वहिनींना पुष्कळ वर्षं हसू येई. ते हसू थांबलं सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, भूकंप झाला तेव्हा. पहाटेपर्यंत सगळी गल्ली उघड्यावर बसली होती. उजाडलं, तर वीज नाही, टेलिफोन मुके. वहिनींची आई नागपूरला महाल भागात एकटी, रेडिओवर बातम्या ऐकून तिचं काय झालं असेल या विचारानं वहिनी अंगणात येरझारा घालत होत्या. अण्णांनी शेजारच्या जीपची बॅटरी काढली, सेट अंगणात तुळशीजवळ मांडला आणि नागपूरचे हॅम बाळाजी यांना हाक मारली. बाळाजींनी पत्ता लिहून घेतला, लूना काढली आणि अर्ध्या तासात महालातल्या त्या घराची कडी वाजवून सांगितलं, "मावशी, लेक, जावई, नातू सगळे खुशाल. मी जबलपूरहून आलोच समजा." आईनं त्यांना बसवून पोहे खाऊ घातले. ते पोहे कसे झाले होते हेही बाळाजींनी परत येऊन हवेत सांगितलं, तेव्हा गल्लीतली माणसं रडता रडता हसली. अण्णांनी त्या दिवशी दुपारपर्यंत दोनशेच्या वर निरोप पोहोचवले.

त्याच्या पुढच्या वर्षी अण्णांनी सकाळची हजेरी सुरू केली. रोज सात वाजता एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी सेट लावायचे, अण्णांनी यादीतलं एकेक नाव घ्यायचं, ज्यानं त्यानं "हजर" म्हणून आपल्या गावची हवा सांगायची. यादीत पहिलं नाव बाळाजींचं. वाढत वाढत यादी सत्तेचाळीस जणांवर गेली. लिहायला हात मोकळा राहावा म्हणून अण्णांनी वहिनींच्या शिवणयंत्राच्या मोटरीचं पायडल सेटला जोडलं. ते दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. आठ-दहा वर्षांपूर्वी रीव्याचे द्विवेदीजी लागोपाठ दोन दिवस बोलले नाहीत, तेव्हा अण्णांनी सतन्याच्या एका हॅमला त्यांच्या घरी पिटाळलं. म्हातारा न्हाणीघरात पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं. पुढे चार वर्षं जगले आणि रोज सातला बोलत राहिले. वहिनी तेव्हापासून या हजेरीला मनातल्या मनात अण्णांचा जप म्हणू लागल्या.

या सगळ्या हॅमांची देशभरची एक परिषद होती. पत्रिका काढायची, सरकारदरबारी बोलायची, आणि मुख्य म्हणजे कार्डं वाटायची. दोघे हॅम पहिल्यांदा बोलले की एकमेकांना पोहोच म्हणून पोस्टकार्ड पाठवतात. परदेशची कार्डं परिषदेच्या कचेरीत येऊन तिथून घरोघर जायची. अण्णांची असली कार्डं बुटांच्या अकरा खोक्यांत होती. दसऱ्याआधी ती पुसताना वहिनींनी जपान पाहिला, फिनलंड पाहिला.

दोन वर्षांपूर्वी परिषदेची निवडणूक पुढे ढकलली गेली. मग पुन्हा ढकलली गेली. मग एका गटानं कॉम्प्युटरवरच सभा घेऊन नवी कार्यकारिणी जाहीर केली आणि जुन्या गटानं कचेरीला कुलूप घातलं. एका परिषदेचे दोन अध्यक्ष झाले. जुने भोपाळचे अंबरीशजी, आणि नवे दुसरे कोणी नाही, तर आपले बाळाजी.

पत्रिका बंद पडली. कार्डांची पोती कुलपाआड. लोक मोबाइलवर एकमेकांना असं काही लिहू लागले की अण्णा चष्मा काढून ठेवत. विजय नगरला राहणारी सुखदा, नाशिकहून इथल्या कॉलेजात शिकवायला आलेली, अण्णांच्याच हाताखाली परीक्षा देऊन हॅम झालेली, ती एकदा चहा पिता पिता म्हणाली, "अण्णा, माझं पहिलं जपानचं कार्ड त्या पोत्यात आहे. वर्ष झालं. मी सभासद झाले ती नेमकी कुणाची, तेवढं सांगा. दोन्हीकडून पत्रं येतात, दोन्हीत मला 'प्रिय' म्हणतात!"

"धीर धर बेटा."

"धीरच धरून आहे. सोबतच्या चौघांनी सेट विकले."

मग एका शनिवारी संध्याकाळी बाळाजींचा फोन आला. वहिनी वाती वळत होत्या. ऐकू सगळं येत होतं.

"अण्णा, सोमवारपासून हजेरी परिषदेच्या नावानं घे. म्हणजे आमच्या. नवी यादी पाठवतो. अंबरीशची माणसं काढून टाक."

"बाळाजी, ती हजेरी आहे. मतदारयादी नाही."

"तू आमच्याकडून आहेस की नाही, एवढं बोल."

अण्णांनी फोन ठेवून दिला. त्याच आठवड्यात अंबरीशजींचंही पत्र येऊन पडलेलं होतं. भाषा जास्त गोड, मागणी तीच, फक्त नावं उलटी.

रविवारची हजेरी झाली. नेहमीप्रमाणे बरेच जण नंतर गप्पा मारायला थांबले होते. अण्णांनी वही मिटली, खुर्ची मागे सरकवली आणि तिथंच बसून राहिले. सेटची खरखर थांबली, म्हणून वहिनींना वाटलं यांनी सेट बंद केला. अण्णांना काहीच वाटलं नाही. त्यांचं लक्षच नव्हतं. खुर्चीचा पाय पायडलवर जाऊन बसला होता. तांबडा दिवा लागला होता, आणि वहिनींची त्याच्याकडे पाठ होती.

"उद्यापासून हजेरी बंद," अण्णा म्हणाले. "दोघांनाही लिहून देतो. नाही जमत आता."

वहिनींच्या हातातलं फूल हातातच राहिलं.

"काहून बंद? अध्यक्ष ते होऊन राहिले, तर घरी तुम्ही काहून बसता?"

"तुला नाही समजायचं."

"न समजायला काय झालं? त्या बाळाजी भाऊजींना म्हणा, लूनावर बसून माझ्या आईकडे गेलात, तेव्हा कोणाचे अध्यक्ष होते तुम्ही? तिचे पोहे खाल्ले ना? तेव्हा विचारलं का, की मावशी, तुम्ही आमच्याकडून की त्यांच्याकडून? आणि ते भोपाळवाले! पोरीचं जपानचं कार्ड पोत्यात घालून वर कुलूप! लोकांची पत्रं अडवतो का कोणी? पाप असतं ते. खुर्चीच पाहिजे ना दोघांना? आपल्या गच्चीवर दोन पडल्या आहेत. या म्हणावं, घेऊन जा. एकीचा पाय मोडला आहे, ती कोणी घ्यायची ते आपसात ठरवा."

"अगं, हळू."

"हळू कशाला? देव ऐकून राहिला, ऐकू दे. तुम्ही नाव घेता म्हणून सत्तेचाळीस घरांत एकेक म्हातारा सातला उठून बसतो. द्विवेदीजींना न्हाणीघरातून कोणी उचललं, परिषदेनं? मी इतकी वर्षं अर्धीअर्धी आरती केली ती या दोघांच्या अध्यक्षपणासाठी नाही केली."

मोबाइल वाजला. सुखदा होती, आणि ओरडत होती.

"काकू, खुर्ची! अण्णांची खुर्ची उचला! तुमचं सगळं हवेत जातंय! गेली सात मिनिटं सगळा देश ऐकतोय!"

अण्णा ताडकन उठले. दिवा विझला. सेट पुन्हा खरखरू लागला. मग अकोल्याकडचा एक आवाज हळूच म्हणाला, "वहिनी, आता आरती पुरी करून घ्या," आणि दोघं-तिघं हसले.

दुपारपर्यंत ती सात मिनिटं सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. अंबरीशजींच्या गटानं लेखी कळवलं की परवाना नसलेल्या व्यक्तीनं हवेत राजकारण केलं, सबब हजेरीच्या नियंत्रकांनी, म्हणजे अण्णांनी, पायउतार व्हावं. बाळाजींकडून काहीच आलं नाही, आणि तेच जास्त लागलं. वहिनींनी दोनदा माळ घेतली. दोन्ही वेळा मेरुमणी कधी गेला ते कळलं नाही.

"माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"खुर्ची मी सरकवली," अण्णा म्हणाले. त्यांनी वही उघडून वेळ लिहिली, 'अनवधानानं प्रक्षेपण, नियमभंग, जबाबदार मी' असं लिहिलं आणि खाली सही केली. "तू बोललीस त्यात खोटं काही नव्हतं. पण नियम मीच सगळ्यांना शिकवला ना. उद्या हे वाचून दाखवतो. हजेरी पुढे सुखदा घेईल."

सुखदा संध्याकाळी धावत आली होती. तिनं हात जोडले. "मी नाही. मी त्या दोघांची नावं घेताना दात-ओठ खाईन. तुम्ही ती 'जी' लावून घेता."

सोमवारी सातला अण्णा बसले. पायडल त्यांनी टेबलाच्या पार आत सरकवलं होतं. दिवा लागला. त्यांनी वहीतलं वाक्य जसंच्या तसं वाचलं आणि म्हणाले, "दोष माझा. जिन्हें दूसरा नियंत्रक चाहिए, अपने नाम पर बोल दीजिए. मी वाईट वाटून घेणार नाही. यादी जुनीच आहे." मग पहिलं नाव घेतलं. बाळाजी.

खरखर. अण्णांनी पुन्हा हाक मारली. काही नाही. पेन जरा वेळ कागदावर टेकलेलं राहिलं आणि दुसऱ्या नावाकडे गेलं.

अकोला हजर, ढगाळ, आप ही रहिए. सतना हजर, आप ही. सागरच्या एकानं सांगितलं, आप थक गए हैं, आराम कीजिए. अण्णांनी तेही लिहिलं. अंबरीशजींचं नाव आलं, उत्तर आलं नाही. त्यांची म्हणून ओळखली जाणारी पाच-सहा नावंही तशीच गेली. बाकीचे एकामागून एक हजर होत होते. बहुतेकांनी नियंत्रकाचा विषयच काढला नाही. आपापली हवा तेवढी सांगितली. सुखदा म्हणाली, "विजय नगर हजर, आकाश स्वच्छ."

यादी संपली. रिवाजाप्रमाणे अण्णांनी विचारलं, "कोणी उशिरा आलेलं?"

पुन्हा एकदा विचारलं. मग वहिनींनी तो आवाज पहिल्या अक्षरालाच ओळखला.

"अण्णा, नागपूर. उशीर झाला. सात वाजल्यापासून बसून आहो, बटण दाबवत नव्हतं."

"येऊ दे, बाळाजी."

"वहिनींना सांग, काल नागपुरात पाच-नऊ. एकही शब्द सुटला नाही." पाच-नऊ म्हणजे खणखणीत, याहून चांगला आवाज नसतो. "परिषदेचं माझं भांडण मी सोडून नाही राहिलो. ते जिथं करायचं तिथं करीन. इथं नाही आणणार. यादी जुनीच राहू दे. हवा... हवा चांगली आहे इकडे."

तांबडा दिवा लागला. अण्णा म्हणाले, "समजलं. हजर."

अण्णा वही मिटत असताना वहिनी मागून वाकून पाहत होत्या. बाळाजींची पहिली जागा कोरी होती. नाव खाली, 'उशिरा'च्या रकान्यात होतं.

"वरच लिहा ना त्यांना. रोज पहिले असतात."

"उशिरा आला, उशिराच लिहायचं," अण्णा म्हणाले, आणि चष्म्याच्या काचा धोतरानं पुसू लागले.

परिषदेचं म्हणाल तर त्या अजून दोनच आहेत, आणि पोती कुलपातच आहेत. हजेरीला चाळीस जण येतात. रविवारची आता सुखदा घेते. दात-ओठ न खाता घेते, असं ती शपथेवर सांगते. अंबरीशजी आले नाहीत. "येत नाहीत तर नाव काहून घेता?" असं वहिनींनी एकदा विचारलं. "ऐकत असतील," अण्णा म्हणाले. ते रोज त्यांचं नाव 'जी' लावून घेतात, इतरांसाठी थांबतात तेवढंच थांबतात, आणि पुढच्या नावाकडे जातात.